टेस्ट केलं एक, प्रॉडवर गेलं भलतंच

परत तेच झालं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, दोन दिवस टेस्टिंग झालं, सगळं हिरवं, साइन-ऑफ मिळाला, आणि रात्री प्रॉडवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या साइटवर, डिप्लॉय केल्यावर दहा मिनिटांत पेमेंटचं पान कोरं. कॉलवर सगळ्यांचं एकच पालुपद, "कोड तर तोच आहे, बदललं काहीच नाही." अरे कोड तोच आहे पण बिल्ड, म्हणजे कोड आणि लायब्रऱ्या जोडून बनवलेलं तयार पॅकेज, तो नाहीये! किती वेळा सांगायचं हे? स्टेजिंगला एक बिल्ड करता, प्रॉडला परत नव्याने करता, म्हणजे टेस्टरने डोळे फोडून जे तपासलं ते प्रॉडवर कधी गेलंच नाही, गेलं ते रात्री घाईत बनवलेलं, जे कोणी उघडूनही बघितलं नव्हतं.

कारण सापडायला पहाटेचे तीन वाजले. लॉक फाइल, म्हणजे कुठल्या लायब्ररीचं नेमकं कुठलं व्हर्जन घ्यायचं ती यादी, कोणीतरी गिटइग्नोरमध्ये टाकून ठेवलीये, म्हणजे ती कोडबरोबर साठवलीच जात नाही, स्क्रिप्टमध्ये लायब्रऱ्या आणायला साधं एनपीएम इन्स्टॉल, आणि पॅकेज फाइलमध्ये प्रत्येक व्हर्जनच्या आधी ते कॅरेटचं चिन्ह, म्हणजे मेजर नंबर (पहिला आकडा) तोच ठेवून पुढचं जे नवीन मिळेल ते उचल. स्टेजिंगचा बिल्ड सोमवारचा, प्रॉडचा गुरुवारचा, मधल्या तीन दिवसांत एका लायब्ररीचं नवीन व्हर्जन आलं आणि ते गुपचूप आत शिरलं. लॉक फाइल रिपोमध्ये, कोडच्या साठ्यात, असती आणि त्या यादीतलीच व्हर्जन घेणारं एनपीएम सीआय वापरलं असतं तर हे झालंच नसतं. एका ओळीचा बदल आहे हो!

बरं, मग रोलबॅक करा, जुन्या बिल्डवर परत जा. कशावर करणार? प्रत्येक डॉकर इमेजला, म्हणजे साठवलेल्या बिल्डला, टॅग (नाव) एकच, लेटेस्ट, नवीन इमेज आली की ते नाव तिच्याकडे जातं, आणि जुन्या इमेज डिस्क साफ करणाऱ्या जॉबने कधीच उडवलेल्या. कमिटचा हॅश, म्हणजे कोडच्या त्या बदलाचा ओळख क्रमांक, टॅगमध्ये टाका म्हणून मी सहा महिने बोंबलतोय. शेवटी जुना कमिट काढून परत बिल्ड केला, आणि त्यातही तीच नवीन लायब्ररी आली, पान परत कोरं!! आणि सगळ्यात संताप याचा की चांगला चालणारा बिल्ड स्टेजिंगवर आमच्या डोळ्यांसमोर होता, पण उचलून प्रॉडवर टाकता येईना, कारण एपीआयचा, म्हणजे पान ज्याच्याकडून माहिती मागतं त्या सेवेचा, पत्ता बिल्डच्या वेळीच जावास्क्रिप्टमध्ये चिकटवलेला, स्टेजिंगचा. तो पत्ता प्रत्येक सर्व्हरवरच्या छोट्या कॉन्फिग फाइलमधून पान उघडताना वाचला असता तर एकच बिल्ड सगळीकडे चालला असता. कॉन्फिग कोडच्या बाहेर ठेवा हे हेरोकू या क्लाउड कंपनीवाल्यांनी २०११ मध्ये लिहून ठेवलंय, काही नवीन शोध नाहीये हा.

व्हर्जन हाताने पक्कं करून परत डिप्लॉय केलं तर चारपैकी एका सर्व्हरची डिस्क भरलेली, तिथे जुनाच बिल्ड राहिला, आणि स्क्रिप्ट एरर आल्यावर थांबतच नाही, शेवटी "सक्सेसफुल" छापून मोकळी. मग एचटीएमएल एका सर्व्हरवरून आणि त्यातली जेएस फाइल, जिच्या नावात हॅश असतो आणि बिल्डगणिक बदलतो, ती सर्व्हरमध्ये काम वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने दुसऱ्याकडे मागितली की ४०४, म्हणजे फाइल सापडत नाही, कोणाला पान दिसतंय कोणाला नाही, आणि सपोर्टची माणसं पहाटे लोकांच्या शिव्या खातायत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ट्रेडिंग कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवीन कोड गेला नव्हता, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर बुडाले. तरी आपल्याकडे डिप्लॉय झाल्यावर चारही सर्व्हरवर कुठलं व्हर्जन चालू आहे हे एकदा विचारून बघायची पद्धत नाही.

सकाळच्या मीटिंगमध्ये कारण काय लिहिलं? "थर्ड पार्टी लायब्ररीचा इश्यू." एवढंच. लॉक फाइलचा माझा पुल रिक्वेस्ट, म्हणजे मंजुरीसाठी पाठवलेला बदल, अजून तसाच पडून आहे, "रिलीजनंतर बघू" म्हणे. पुढचं रिलीज परत गुरुवारी रात्रीच ठेवलंय.