‘आफ्रिकेतले हातपंप म्हणजे पैसा पाण्यात’: तीन आक्षेप, तीन उत्तरं

सध्या फिरत असलेल्या मेसेजचा आशय असा: आफ्रिकेच्या दक्षिण भागात गावांना बोअर मारून द्यायला देणगी देऊ नका. तीनातला एक पंप बंदच असतो, लोकांना फुकटच्या वस्तूची किंमत नसते, आणि उपशाने भूजलही संपतंय.

‘तीनातला एक बंद.’ आकडा हवेतला नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांच्या रूरल वॉटर सप्लाय नेटवर्क या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २००९ साली सहाराच्या दक्षिणेकडच्या वीसेक देशांची माहिती एकत्र केली, तेव्हा सुमारे ३६ टक्के हातपंप बंद निघाले. पण अशा मोजणीत वायसर गेला म्हणून दोन दिवस बंद असलेला पंप आणि बोअरच आटल्याने कायमचा मेलेला पंप, दोघांवर एकच फुली पडते. पहिल्याला किरकोळ पैसे लागतात, दुसऱ्याला नवा बोअर.

आणि दुसऱ्याचं मरण बहुधा पंप बसण्याआधीच ठरलेलं असतं. मलावी देशात बऱ्याच भागात खाली ‘नाईस’ नावाचा जुना कठीण खडक आणि वर मुरूम. पाणी मुरमाच्या तळाशी आणि खडकाच्या भेगांत. हातपंपाला सेकंदाला पाव लिटर पुरे, पण तेवढंही हमखास लागत नाही. ठेका ‘पाणी लागलं तरच पैसे’ असा असला, की एप्रिलमध्ये, पावसाळा संपताना, कॉम्प्रेसरची हवा मारून उडालेला फवारा दाखवायचा आणि बोअर यशस्वी म्हणून बिल लावायचं. ऑक्टोबरात पातळी उतरते आणि पंप हवा ओढू लागतो. उपाय रटाळ आहेत: कोरड्या बोअरचेही मीटरप्रमाणे पैसे द्या, जागेवर भूजलतज्ज्ञ उभा ठेवा, चार ते सहा तास उपसा करून पातळी किती उतरली आणि किती वेळात भरून आली ते लिहून घ्या. जाळीचा पाइप पाण्याच्या थरासमोरच हवा, भोवती बारीक खडी हवी. ती वाचवली की वाळू येते आणि पिस्टनचं सील बघता बघता झिजतं.

‘लोक सांभाळत नाहीत.’ मलावीतला प्रमाणित पंप आफ्रिदेव गावानेच दुरुस्त करावा म्हणून घडवलेला आहे. जवळपास सगळं एका पान्यावर उघडतं, आणि पाइप न उपसता रॉड ओढून पिस्टन वर काढता येतो. सील आणि बुश (दांड्याच्या सांध्यातल्या झिजणाऱ्या नळ्या) साधारण वर्षाने बदलायचे, पण ते मिळणारं दुकान तालुक्याच्या गावातही नसलं तर गावची पंप समिती काय करणार? देणगीत उद्घाटनाच्या पाटीची तरतूद असते, सुट्या भागांची नसते.

शेजारच्या झांबियात इंडिया मार्क टू जातीचे हातपंप भरपूर आहेत (याचं मूळ आपल्या सोलापूर पंपात). त्याला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप लावतात. पाण्याचा सामू (पीएच) ६.५ च्या खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी असलं, की मुलामा जातो, लोखंड विरघळतं. पाणी तांबडं येतं, पांढरे कपडे डागाळतात, चहा काळा पडतो. बायका पुन्हा ओढ्याकडे वळतात आणि पाहणीच्या कागदावर ‘गावाची अनास्था’ अशी नोंद होते. सामू मोजायला काही मिनिटं लागतात. तो कमी आला तर स्टेनलेस किंवा पीव्हीसी पाइप घालायचा, एवढंच.

‘भूजल संपतंय.’ गुणाकार करून बघा. मलावीत एका हातपंपामागे २५० माणसं धरतात. माणशी २० लिटर म्हणजे दिवसाला ५,००० लिटर, वर्षाला १,८२५ घनमीटर. एक चौरस किलोमीटरवर पसरलं तर थर दोन मिलिमीटरहून कमी, वर्षभराच्या पावसापुढे नगण्य. सिंचनाच्या सौर पंपांचा किंवा शहरी बोअरांचा हिशेब वेगळा, तिथे ही चिंता रास्त आहे.

२०२४ च्या दुष्काळात झांबिया, मलावी आणि झिंबाब्वेने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. अशा वर्षी उथळ विहिरी आधी आटतात आणि त्यांच्यावरची माणसंही हातपंपाच्या रांगेत येतात. पंपाला उसंत मिळत नाही, बोअरभोवतीची पातळी भरून यायला वेळ उरत नाही, बुश आणि सील दुपटीने झिजतात. तेव्हा बंद पडलेला पंप पाहून ‘जमिनीतलं पाणी संपलं’ म्हणण्याआधी बोअरमध्ये पातळी मोजायची टेप सोडावी.