सर गाडीत पाहिजेत, नुसती ट्रिप नको
माजी विद्यार्थ्यांच्या सहलींवरच्या लेखातला मुद्दा पटला, त्यांना नुसतं मेळाव्याला बोलवून फेटे बांधण्यापेक्षा चार दिवस एकत्र फिरायला न्या, कॉलेजशी नातं टिकतं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अशा टूर काढतात आणि सोबत एक प्राध्यापक देतात, खरी गंमत तिथंच आहे बघा. आमची बॅच मागं सप्टेंबरात साताऱ्याहून कासला गेलेली, बॉटनीचे सर रिटायर झालेले तरी आले, आणि पठारावर त्या धुक्यात गुडघ्यावर बसून आम्हाला ड्रोसेरा, म्हणजे किडे खाणारी वनस्पती, दाखवत होते, पानावरच्या चिकट थेंबात एक चिलट अडकलेलं, वीस वर्षांपूर्वी फळ्यावर काढलेली तीच आकृती! यवतेश्वर घाट उतरेपर्यंत गाडीतच लॅबच्या मायक्रोस्कोपचे पैसे जमले, पावतीपुस्तक कुणी फिरवलं पण नव्हतं. कॉलेजचा मात्र वर्षाला एकच मेसेज येतो, देणगीचा, त्यातपण माझं आडनाव चुकलेलं 😄

आणि कुणी कासला बॅच नेणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, ऑनलाईन बुकिंग आधीच करा. आमच्यातल्या तिघांनी केलं नव्हतं, ते गेटवर कणसं खात बसले.