ससा हलत नाही, म्हणजे त्याला ते आवडते असे नव्हे

सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याच्या हट्टापायी मी बेळगावातल्या एका बंदिस्त 'पेटिंग झू'मध्ये, म्हणजे तिकीट काढून जनावरांना हात लावायला मिळतो अशा ठिकाणी, गेलो होतो. जागेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एका दुकानावर राग काढण्यासाठी ही पोस्ट नाही. खिडकी नसलेला हॉल, भिंतीवर रंगवलेले जंगल, तिकिटाखेरीज वेगळे पैसे देऊन घ्यायची गाजराच्या तुकड्यांची वाटी आणि आत शिरताच डोळ्यांना झोंबणारा मुताचा वास. गोठ्यातही मूत असतेच. पण तिथे वारा असतो, खाली मुरूम असतो आणि सकाळी उठून शेणघाण काढणारे कोणीतरी असते. बंद खोलीत अमोनिया साचून राहतो, आणि सशाचे नाक तर त्याच जमिनीला टेकलेले.

वाळलेले गवत कुठेच दिसले नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चघळून. गाजर त्याला गोड लागते, पण त्यावर त्याचे पोट चालत नाही. गिनीपिगला आपल्यासारखेच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, म्हणून त्याला रोज ताजा पाला लागतो. काचपेटीतल्या इग्वाना जातीच्या मोठ्या सरड्यावर साधा बल्ब लावलेला होता. त्याने ऊब मिळते, अतिनील किरण मिळत नाहीत, आणि त्यांच्यावाचून कॅल्शियम अंगी न लागता त्याची हाडे मऊ पडत जातात.

तरीही मला सर्वांत जास्त खटकले ते हे की त्या जनावरांना लपायला काहीच नव्हते. साधे पालथे घातलेले खोकेसुद्धा नव्हते. तिथला मुलगा कौतुकाने सांगत होता, "बघा सर, किती शांत हाईत." ससा हे शिकार होणारे जनावर आहे, पळायला वाट उरली नाही की ते थिजून बसते. त्याला उताणे धरले तर तो निपचित पडतो आणि आपण म्हणतो, झोपला बघा मांडीवर. येळ्ळूरला आजोळी शेळीच्या फार मागे लागलो की ती सरळ शिंगे रोखायची आणि आजी आम्हालाच ओरडायची, "तिला नको असंल तर जाऊ दे की तिला." त्या हॉलमधल्या शेळीला जायला जागाच नव्हती. तिचे खूर वाढून पुढे वळले होते. गुळगुळीत फरशीवर ते झिजणार तरी कसे?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे हीसुद्धा क्रूरताच आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, म्हणजे गाजराच्या एखाद्या वाटीत तो वसूल व्हावा. ज्या निकालाने बैलगाडीच्या शर्यती थांबल्या म्हणून आपल्या भागात अजून चर्चा होते, त्याच २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूक-तहान व वेदनेपासून मुक्ततेबरोबरच भयापासून मुक्तताही जनावराचा हक्क मानली होती. शर्यतींना पुढे २०२३ मध्ये मोकळीक मिळाली, तो वाद निराळा. सशाच्या भयाबद्दल मात्र कोणी वाद घालायलाही आले नाही.

एका पिंजऱ्यात आपल्या रानातला, गळ्याला कंठ असलेला पोपट होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पाळताही येत नाही, मग तिकीट लावून दाखवणे तर दूरच. मी दोन ठिकाणी तक्रार दिली, आणि शेजाऱ्यांची मदत घेऊन ती कन्नडमध्ये लिहिली. भाषेचे भांडण आपण इथे रोज लढतोच, पण सशाची तक्रार त्यात अडकून पडावी असे मला वाटले नाही.

आठवडाभरात वनखात्याची माणसे येऊन पोपट घेऊन गेली. दुसऱ्या कार्यालयाने पोचपावती दिली आहे. त्यापुढे अजून काहीच झालेले नाही. परवा तिथून जाताना थांबून पाहिले, तर पोपटाच्या रिकाम्या पिंजऱ्यात दोन नवे ससे ठेवले होते, आणि दाराशी मुलांना घेऊन आलेल्या आईवडिलांची रांग होती.