आधीचं पाणी कुणी मोजलं होतं का?

डोकं फिरलंय आज. आमच्याकडे कोल बेड मिथेन, म्हणजे कोळशाच्या थरातला गॅस, काढणाऱ्या कंपनीकडून पुन्हा तेच ऐकून आलोय, "तुमच्या बोअरचं पाणी आमच्यामुळे खाली गेलं याला पुरावा काय?" अरे पुरावा मी कुठून आणू? ड्रिलिंगच्या आधी आजूबाजूच्या बोअरची लेव्हल घ्या, पाण्यात मिथेन किती, क्षार किती ते तपासून ठेवा, असं सुनावणीत घसा फोडून सांगितलं होतं. तेव्हा साहेब मान डोलवत होते आणि मिनिट्समध्ये, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, एक ओळ नाही. आधीचा आकडाच नाही तर आता तुलना कशाशी करणार, आणि हे त्यांना पक्कं माहितीये, म्हणून तर एवढे निवांत असतात.

बरं, कोल बेड मिथेन निघतोच मुळी पाणी उपसून. गॅस कोळशाच्या थराला चिकटलेला असतो, पाण्याच्या दाबामुळे जागेवर राहतो, दाब उतरवला की सुटतो, म्हणून सुरुवातीचे कित्येक महिने गॅस कमी आणि पाणीच जास्त येतं. म्हणजे पाणी उपसणं हाच धंदा, आणि वर आम्हालाच विचारायचं पाणी कुठं गेलं!

वर आलेलं पाणी बऱ्याचदा खारट, सोडियमवालं. चिकणमातीत ते सोडलं की माती फुगते, वाळली की वर टणक पापडी धरते, मग पाऊस पडला तरी मुरत नाही. म्हणे आम्ही तळ्यात साठवतो, खाली प्लास्टिक अंथरलंय. मी जाऊन बघितलं ना ते तळं, एका कोपऱ्यात कागद हातभर फाटलाय आणि कडेनं पांढरा थर चढलाय. फोटो दाखवला तर म्हणतात, "हा कधीचा फोटो?"

आमच्या नळाला पाणी दुधाळ येतं, ग्लास ठेवला की खालून वर निवळत जातं. "हवा असेल." असेल बाबा, हवेनंही तसंच दिसतं, पण तपासून सांग की! मिथेनला वास नसतो, बंद खोलीतल्या हवेत ५ ते १५ टक्के साठला तर एक ठिणगी पुरते, आणि मोटरच्या खोलीत जाऊन रोज स्विच मी दाबतो, साहेब नाही. वर कौतुक काय तर क्लीन फ्युएल. गळतो तो मिथेन २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो, ते ब्रोशरमध्ये कुठंय?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला कंपनीनंच आधी बोअरची बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची स्थिती, नोंद करायची आणि बोअर बिघडला तर निस्तरून द्यायचा असा कायदा आहे. भांडणं तिथंही होतात, पण निदान हातात कागद असतो. आणि अमेरिकेत वायोमिंगला गॅसचे भाव पडले, कंपन्या बुडाल्या आणि गॅसच्या हजारो विहिरी बेवारस सुटल्या, बुजवायचं काम पडलं सरकारच्या गळ्यात. इथं विचारलं गॅसची विहीर बुजवायचं डिपॉझिट किती घेतलंय, तर "तो विषय आजच्या अजेंड्यावर नाही."

पलीकडच्या रानात नवीन ड्रिलिंगची रिग येतेय. म्हणून आता मीच बाटल्या भरतोय, तारीख टाकून, दोरी सोडून लेव्हल मोजून वहीत लिहितोय. साहेबांना वही दाखवली, तर म्हणाले सॅम्पल मान्यताप्राप्त लॅबनं घेतलेलं नाही, चालणार नाही. मग पाठवा ना लॅबवाला! "त्यासाठी आधी तक्रार सिद्ध व्हायला लागते."