अक्रोतिरीत सांगाडे सापडले नाहीत

माझी भाची आठवीत आहे. शाळेच्या ज्वालामुखीवरच्या प्रकल्पासाठी तिने ग्रीसचं सँटोरिनी बेट निवडलं, तेव्हा मला आनंदच झाला होता. मग ताईने वहीच्या पानांचे फोटो पाठवले. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत असलेला एक लांबलचक फॉरवर्ड पोरीने जसाच्या तसा उतरवून काढला होता.

फॉरवर्ड म्हणतो: सँटोरिनी म्हणजे मूळ संस्कृत 'शांतऋणी'. तेच अटलांटिस. एका रात्रीत ज्वालामुखी फुटला, लाखो माणसं जागच्या जागी मेली आणि सबंध मिनोअन संस्कृती (म्हणजे शेजारच्या क्रीट बेटावरची प्राचीन संस्कृती) दुसऱ्या दिवशी उरली नाही. तिथल्या भिंतींवर आपली वानरसेना रंगवलेली आहे. पांढरी-निळी घरं हजारो वर्षांपासून ग्रीक ध्वजाच्या रंगांत आहेत. आणि आज तिथे स्थानिक माणूस औषधालाही नाही, नुसती हॉटेलं.

नावाचं आधी उरकते. सांता इरिनी, म्हणजे संत आयरीन. तेराव्या शतकात धर्मयुद्धांच्या निमित्ताने तिकडे आलेल्या लॅटिन लोकांनी दिलेलं नाव. बेटाचं अधिकृत ग्रीक नाव आजही थिरा आहे. अटलांटिस प्लेटोने आपल्या दोन संवादांत रंगवलं. त्याचं बेट आजच्या जिब्राल्टरच्या पलीकडे आहे, आफ्रिका-आशियाच्या त्याला माहीत असलेल्या भूभागांहून मोठं आहे आणि इ. स. पू. सहाव्या शतकातल्या अथेन्सच्या सोलोनच्या आधी ९००० वर्षं बुडालेलं आहे. यातलं सँटोरिनीला काय लागू पडतं?

आता त्या 'लाखो माणसां'कडे येते, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आहे. ज्वालामुखी फुटला हे खरं. काळ साधारण इ. स. पू. १६००, पन्नासेक वर्षं इकडेतिकडे. त्याच्या राखेखाली अक्रोतिरी हे गाव गाडलं गेलं. ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे खोदायला सुरुवात केली आणि दोन-तीन मजली घरं, फरसबंदी गल्ल्या, त्यांच्याखालून जाणारी गटारं, धान्याचे रांजण असं सगळं बाहेर आलं. आलं नाही ते एकच. स्फोटात सापडलेल्या माणसाचा एकही सांगाडा तिथे आजवर मिळालेला नाही. दागदागिनेही जवळजवळ नाहीत. आधी मोठा भूकंप झाला होता. लोक परत आले, राडारोडा बाजूला करायला लागले, खाटा बाहेर काढून एकावर एक रचून ठेवल्या. मग राखेचा पहिला पातळ थर पडला आणि ते मौल्यवान वस्तू घेऊन निघून गेले. सगळे वाचले असं मी म्हणत नाही. समुद्रात किंवा बेटाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं काय झालं असेल ते असेल. पण धोका ओळखून वेळेत घर सोडलेल्या माणसांना अंथरुणात मारून टाकायचा अधिकार फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कोणी दिला?

मिनोअन संस्कृती त्या रात्री संपली, ही कल्पना हवेतून आलेली नाही, हे मान्य करावं लागेल. खुद्द मारिनातोस यांनीच १९३९ मध्ये क्रीटच्या विनाशाचा संबंध या उद्रेकाशी जोडला होता. क्रीटच्या किनाऱ्याला त्सुनामीचा तडाखाही बसला. पण १९३९ नंतर पुष्कळ खोदलं गेलंय. क्रीटच्या ईशान्य किनाऱ्याजवळ मोखलोस नावाचं ठिकाण आहे. जेफ्री सोल्स आणि कॉस्टिस दवारास यांच्या उत्खननात तिथे मिनोअन घरांच्या जमिनीखाली सँटोरिनीची राख सापडली. घराच्या वर नाही, जमिनीखाली. म्हणजे राख पडून गेल्यावर लोकांनी त्याच जागी नवी घरं बांधली. ऑक्टोपस काढलेली ती प्रसिद्ध मिनोअन भांडीही उद्रेकानंतरचीच आहेत. क्रीटचे बहुतेक राजवाडे जळाले ते पुढे, इ. स. पू. १४५० च्या सुमारास, आणि क्नोसोसचा त्यानंतरही चालू राहिला. फॉरवर्डमधल्या 'दुसऱ्या दिवसा'त कित्येक पिढ्या गिळल्या गेल्या आहेत.

वानरसेना. अक्रोतिरीच्या एका खोलीत खडकांवर चढणारी निळी माकडं रंगवलेली आहेत, हे खरं. आणि नाइलाजाने सांगते, फॉरवर्डमध्ये अर्धं सत्य असलंच तर ते इथे आहे: शेपटी वर वळवण्याच्या ढबीवरून ही माकडं लंगूर, म्हणजे आपल्याकडची वानरंच असावीत, असं काही संशोधकांनी 'प्रायमेट्स' या शास्त्रीय नियतकालिकात मांडलं आहे. इतर काहींच्या मते ती आफ्रिकेतली माकडं आहेत. पण लंगूरच धरला, तरी सिद्ध काय होतं? मेसोपोटेमियामार्गे चाललेल्या व्यापारातून या प्राण्याची ओळख एजियन समुद्रापर्यंत पोचली होती, एवढंच. ते स्वतःच केवढं विलक्षण आहे! दुसऱ्या एका इमारतीतल्या चित्रात एक माकड बसलेल्या देवीला केशर देतंय आणि बायका केशराची फुलं वेचताहेत. त्यात ना युद्ध, ना सेतू. आमच्या घरी रामायण रोज वाचलं जातं. त्याला परक्या भिंतीचा दाखला कधी लागला नाही.

ग्रीक ध्वज १८२२ चा, त्यामुळे 'हजारो वर्षं' तिथेच संपतात. चुना स्वस्त, जंतू मारणारा आणि ऊन परतवणारा, म्हणून घरं पांढरी. इया गावातले जुने दर्यावर्दी कप्तानांचे वाडे मात्र गेरू-पिवळ्या, तांबड्या रंगांचे आहेत. निळा रंग चुन्यात लूलाकी मिसळून करत. लूलाकी म्हणजे कपड्यांना द्यायची नीळ, आणि तो शब्द अरबी-फारसीमार्गे आपल्या 'नील'वरूनच तिकडे गेला. संस्कृत धागा हवाच होता, तर खरा धागा हा होता. त्याचं फॉरवर्डमध्ये नाव नाही.

राहिले आजचे लोक. २०२१ च्या जनगणनेत थिरा नगरपालिकेत सुमारे साडेपंधरा हजार माणसं होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये भूकंपाचे हजारो धक्के बसले, तेव्हा ११ हजारांहून जास्त लोक बोटींनी आणि विमानांनी बाहेर पडले. फेब्रुवारीत पर्यटक जवळजवळ नसतात. स्थानिक नाहीतच, तर हे कोण होते? १९५६ च्या भूकंपानंतरही अशीच गावं रिकामी झाली होती, आणि बेट पुन्हा नांदतं झालंच. वाऱ्यापासून वाचवायला द्राक्षवेल टोपलीसारखी गोल वळवून जमिनीलगत वाढवणारे शेतकरी आजही तिथे आहेत. फावा नावाची पिवळी डाळ पिकवणारेही आहेत. ती आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. गर्दीने त्यांचा जीव मेटाकुटीला आलाय, हे खरं: जुलै २०२४ मध्ये एका दिवसात सुमारे ११ हजार क्रूझ प्रवासी उतरले. मग क्रूझ प्रवाशांवर दिवसाला ८००० ची मर्यादा आणावी लागली. शिक्षकांना भाड्याने खोली मिळत नाही. ही तक्रार तिथे राहणारी माणसंच करताहेत.

भाचीला रविवारी बोलावलंय. वही पुन्हा लिहायची आहे. माकडांचं पान तिने मेहनतीने रंगवलंय, ते तसंच ठेवू. फक्त वरचा मथळा बदलायचा.