मोठं आतडं काढलं, मग लिव्हरची तपासणी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. राग आलाय तुम्हाला, पण मुद्दे स्पष्ट मांडलेत. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. यांच्या धाकट्या भावाला बरीच वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार, होता. गेल्या वर्षी मोठं आतडं काढलं, पोटावर स्टोमाची (शौच बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या तोंडाची) पिशवी आहे. 'रोग मुळासकट गेला' असं सर्जननी सांगितलं. आणि आता ऑपरेशननंतर लिव्हर सांभाळण्याबद्दलचा माझा लेख वाचून भावाची झोप उडाली. यांचं म्हणणं असं की बऱ्या झालेल्या माणसाला घाबरवून लॅबवाल्यांचा गल्ला भरायचे हे उद्योग आहेत. भावाचा एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासणीतला एक आकडा) नॉर्मल आहे, गुळवेलीचा काढा चालू आहे, आणि तांबडा-पांढरा बंद करा म्हणणारा डॉक्टर कोल्हापूरचा असूच शकत नाही.

आधी शेवटचं घेतो, कारण तेच जास्त झोंबलं. रस्सा बंद करा असं मी लिहिलेलं नाही. तिखटाने लिव्हर खराब होत नाही. तुमच्या भावाने तांबडा जरूर प्यावा, वरचा तवंग बाजूला करून. पिशवीवाटे पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे रश्श्यातल्या मिठाचं त्याला वावडं नाही. रश्श्याबरोबर दारू घेऊन जे 'बसणं' होतं, त्याबद्दल मात्र मी लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे.

आता मूळ मुद्दा. सर्जन खोटं बोलले नाहीत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याचा आजार आहे, आतडं पूर्ण गेलं की ते दुखणं संपतं. पण याच रुग्णांपैकी काहींना पित्तनलिकांचा एक आजार होतो, प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलॅन्जायटिस, आम्ही पीएससी म्हणतो. लिव्हरच्या आतल्या-बाहेरच्या नळ्या सुजतात, जागोजागी आवळतात, पित्त तुंबतं. पाश्चात्त्य देशांत कोलायटिसच्या शंभर रुग्णांत साधारण पाचेक जणांना तो सापडतो, आपल्याकडे कमी. म्हणजे तुमच्या भावाला तो नसण्याचीच शक्यता कितीतरी जास्त, आणि हे त्याला आज रात्रीच सांगा. पण ज्याला आहे त्याचा पीएससी आतडं काढल्याने थांबत नाही. काहींना तर ऑपरेशननंतर काही वर्षांनी पहिल्यांदा कळतो. आतड्याचं खातं बंद झालं म्हणून लिव्हरचं आपोआप बंद होत नाही, एवढंच मला त्या लेखात सांगायचं होतं.

'एसजीपीटी नॉर्मल' हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो. रिपोर्ट हातात आला की लोकांचं बोट थेट त्याच ओळीवर जातं. असाच एक रिपोर्ट आठवतो: एसजीपीटी ३८, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ०.९, दोन्ही नॉर्मल, घरचे खूश. त्याच्या खालच्या ओळीत अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त तुंबलं की वाढणारा आकडा) ४१२, म्हणजे लॅबने छापलेल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, शेजारी बारीकसा एच, म्हणजे 'हाय'. पीएससी बहुतेक वेळा याच ओळीत आधी दिसतो, कावीळ फार उशिरा येते. अर्थात हा आकडा हाडांमुळेही वाढतो, आणि वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेल्या माणसाची हाडं काही धड नसतात. म्हणून सोबत जीजीटी बघायचा, तो हाडांमुळे वाढत नाही. तोही वाढलेला असेल तर पित्ताकडे संशय, मग सोनोग्राफी, एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय). दोन्ही नॉर्मल असतील तर घरी जायचं, रस्सा प्यायचा.

लॅबच्या गल्ल्याबद्दल तुमचं थोडं खरं आहे. 'फुल बॉडी पॅकेज'ची जी लाट आलीय तिच्यात पैसा वाया जातो, आणि मीही ती पॅकेजं कोणाला लिहून देत नाही. पण मी सगळ्यांनी सहा महिन्यांनी एमआरसीपी करा असं कुठे म्हटलंय? औषध चालू नसेल, तब्येत बरी असेल, तर वर्षातून एकदा साधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी. अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर दर तीन महिन्यांनी एलएफटी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), कारण ते औषध लिव्हरला आणि पांढऱ्या पेशींना, दोघांनाही त्रास देऊ शकतं.

स्टोमा असलेल्यांनी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असते. पिशवी बदलताना स्टोमाच्या कडेची कातडी उजेडात बघा. तिथे जांभळट-निळसर वर्तुळ आणि फुगलेल्या बारीक शिरांचं जाळं दिसत असेल तर लिव्हर आकसल्यामुळे पोर्टल शिरेतला (आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढला असण्याची शक्यता असते. अशा शिरेतून रक्त यायला लागलं तर पिशवी काढा, स्वच्छ गॉझ ठेवून बोटाने घट्ट दाबून धरा आणि तसेच हॉस्पिटलला निघा. स्टोमा पुसताना लागणारा रक्ताचा एखादा ठिपका वेगळा, तो सगळ्यांनाच दिसतो.

क्रोन्सवाल्यांचा मामला निराळा. क्रोन्स हाही आतड्याच्या सुजेचाच आजार, पण तो लहान आतड्यातही होतो. ऑपरेशन झालं असेल तर त्यांचा बहुधा लहान आतड्याचा शेवटचा तुकडा कापलेला असतो, आणि लिव्हरने चरबी पचवायला सोडलेले पित्तक्षार परत शोषून घेण्याचं काम नेमकं तोच करतो. दूध संघाचे कॅन कसे, दूध ओतलं की गावाकडे परत जातात आणि पुन्हा भरून येतात. तसे हे क्षार दिवसात अनेक फेऱ्या मारतात, ९५ टक्के परत येतात. परतीची वाटच तुटली की लिव्हरला नवे बनवत बसावं लागतं. कापलेला तुकडा १०० सेंटिमीटरच्या आतला असेल तर लिव्हर भर काढतं, पण न शोषलेलं पित्त मोठ्या आतड्यात उतरून पाण्यासारखे जुलाब होतात. त्यावर कोलेस्टिरॅमिनची (पित्तक्षार बांधून ठेवणारी) पावडर चालते (बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार तासांनी घ्या). १०० च्या वर गेलं की लिव्हरही पुरं पडत नाही, चरबी पचत नाही, शौच तेलकट, तरंगणारं होतं. तिथे ही पावडर उलट त्रास वाढवते, आणि पांढऱ्या रश्श्यातलं खोबऱ्याचं दूधही जपूनच. पित्ताचे खडे आणि बी-१२ची कमतरता हे दोन्हीही याच कापलेल्या तुकड्यामुळे.

राहिला काढा. इथे मी गप्प बसणार नाही. 'झाडपाल्याने काय होतंय' हे आपल्याकडचं आवडतं वाक्य. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल उकळली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला, हेही सांगतो. पण पुढे देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशाच आणखी रुग्णांची नोंद केली. बऱ्याच जणांचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यासारखं. गुळवेल लोक घेतात ती प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. कोलायटिसमध्ये तर शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या आतड्यावर उलटलेली होती! तिला आणखी चेतवायचं कशाला? बंद करा. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते प्लास्टिकच्या बाटलीत लेबलाशिवाय मिळणाऱ्या काढ्याशी.

तुमच्या भावासाठी एवढं करा. डिस्चार्ज कार्डावर सगळं नसतं, हॉस्पिटलातून ऑपरेशन नोट मागून घ्या. रेक्टम, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, ठेवलंय का ते त्यात बघा. ठेवलं असेल तर त्याची दुर्बिणीतून तपासणी चालू ठेवावी लागते, आणि पीएससी निघालाच तर दरवर्षी. जुन्या रिपोर्टांत अल्कलाइन फॉस्फेटेज कधी वाढलं होतं का, तेही शोधा. आणि कृपा करून ते कागद इथे कॉमेंटमध्ये टाकू नका, गावभर वाचले जातात. त्याच्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांचं मत माझ्याहून वेगळं पडलं तर त्यांचंच ऐका, भावाला त्यांनी तपासलंय.