ग्रुपवर ‘राजकारण नको’? मला नाही पटत

आमच्या फॅमिली ग्रुपवर नियम झालाय, राजकारणावर काही टाकायचं नाही. गणपतीचे फोटो चालतील, रेसिपी चालतील, वाढदिवस चालतील. झालं असं की २०२२ला शिवसेना फुटली, २०२३ला राष्ट्रवादी फुटली आणि आमचे काका आणि माझा आतेभाऊ, जे दोघं एकेकाळी एकाच स्कूटरवरून प्रचाराला जायचे, ते ग्रुपवर एकमेकांना गद्दार म्हणायला लागले, मग एक जण ग्रुप सोडून गेला, मग आत्याने रडत रडत सगळ्यांना फोन केले आणि मग हा नियम आला. तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. इथे रात्री अकराला, म्हणजे तिकडच्या सकाळी, ते मेसेज वाचताना पोटात गोळा यायचा.

आता मात्र मला तो नियम चुकीचा वाटतो, आणि ते मी राहतो त्या गावामुळे.

मी बॉस्टनच्या दक्षिणेला क्विन्सीला राहतो. रेड लाईनच्या क्विन्सी सेंटर स्टेशनातून बाहेर आलं की जवळच ग्रॅनाइटचं एक जुनं चर्च आहे, त्याच्या तळघरात जॉन अ‍ॅडम्स, अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष, बायको अ‍ॅबिगेलच्या शेजारी पुरलेले आहेत. मी रोज तिथून जातो. आणि पुण्याहून कोणी बोलताना म्हणतं ना, "तुमच्याकडे बघ काय माणसं होती देश घडवणारी, आणि आमच्याकडे बघ काय चाललंय", तेव्हा मला ते चर्च आठवतं, कारण तो काळ काही सोवळा नव्हता.

अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे खरे मित्र. १७७६ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेफरसननी लिहिला आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सभेत, त्यासाठी सगळ्यात जास्त भांडले ते अ‍ॅडम्स. पुढे अ‍ॅडम्स लंडनला राजदूत, जेफरसन पॅरिसला, दोन्ही घरांचा घरोबा. मग देश मिळाला आणि तो कसा चालवायचा यावर फाटलं. अ‍ॅडम्सना मजबूत केंद्र सरकार हवं होतं, फ्रेंच राज्यक्रांतीची त्यांना भीती वाटायची. जेफरसनना नेमकी केंद्राच्या ताकदीची भीती आणि फ्रान्सबद्दल ओढ. १७९६ला अ‍ॅडम्स ७१ विरुद्ध ६८ मतांनी जिंकले आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे हरलेला जेफरसन त्यांचाच उपराष्ट्राध्यक्ष झाला! विचार करा, चार वर्षं सरकारात दोन नंबरवर विरोधी पक्षाचा नेता.

आणि मग जी घाण झाली ती आपल्या कुठल्याही निवडणुकीच्या तोडीची. १७९८ला अ‍ॅडम्सनी राजद्रोहाच्या कायद्यावर सही केली, सरकारविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग. त्या कायद्यात राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसला संरक्षण होतं, उपराष्ट्राध्यक्षाला नव्हतं, म्हणजे जेफरसनवर काहीही लिहा, मोकळं रान. व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन चार महिने आत बसला आणि आतूनच परत निवडून आला. आणि जेफरसन तरी कुठे स्वच्छ होते, अ‍ॅडम्सवर वाटेल ते लिहिणाऱ्या कॅलेंडर नावाच्या पत्रकाराला त्यांनी गुपचूप पैसे दिले होते. जेफरसन आले तर धर्म बुडणार असा प्रचार दुसरी बाजू करत होती. १८००ला अ‍ॅडम्स जेफरसनकडून हरले. त्याच नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा मुलगा चार्ल्स गेला. ४ मार्च १८०१ला, जेफरसनच्या शपथविधीच्या दिवशी, पहाटे चारच्या घोडागाडीने ते वॉशिंग्टन सोडून निघून गेले, शपथविधीला थांबलेच नाहीत. मला ते वागणं आवडत नाही, पण ते गेले, खुर्ची सोडून गेले, हेही तितकंच खरं. २०२१च्या ६ जानेवारीला टीव्हीसमोर बसून, निवडणूक हरलेल्या ट्रम्पच्या समर्थकांना इथल्या संसदेची दारं फोडताना बघितलं तेव्हा त्या पहाटेच्या गाडीची किंमत मला कळली.

नंतर जवळजवळ अकरा वर्षं दोघांत अबोला. मधे १८०४ला जेफरसनची मुलगी वारली तेव्हा अ‍ॅबिगेलनी न राहवून सांत्वनाचं पत्र लिहिलं, थोडा पत्रव्यवहार झाला पण जुनं उकरलं गेलं आणि परत बंद. शेवटी जुळवलं ते बेंजामिन रश नावाच्या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी, दोघांचाही मित्र, दोघांनाही वर्षानुवर्षं पत्रं लिहून ते मागे लागले होते. १८११ला जेफरसनच्या शेजारची दोन माणसं अ‍ॅडम्सकडे आली होती, बोलता बोलता अ‍ॅडम्स म्हणून गेले की माझं जेफरसनवर नेहमीच प्रेम होतं आणि अजूनही आहे. हे जेफरसनच्या कानावर गेलं आणि त्यांनी रशना कळवलं, मला एवढं पुरे. १ जानेवारी १८१२ला अ‍ॅडम्सनी पहिलं पत्र टाकलं, त्यात लिहिलं की घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय. म्हणजे मुलाच्या व्याख्यानांचे दोन खंड. जेफरसनना ते खरंच कापड वाटलं आणि पार्सल पोचायच्या आधीच त्यांनी व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर मनापासून उत्तर लिहिलं. हे मला फार आवडतं.

पुढची १४ वर्षं दीडशेच्या वर पत्रं. आणि ऐका, त्यात राजकारण नको असा नियम नव्हता. फ्रेंच क्रांतीत कोण चुकलं, हुशार आणि श्रीमंत लोकांच्या हातात सत्ता गेली तर काय, सगळं निघालं, अ‍ॅडम्सनी तर जुना राग पानंच्या पानं काढला. १८१३ला त्यांनी लिहिलं की एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्याशिवाय आपण दोघांनी मरता कामा नये.

एकच विषय त्यांनी टाळला, गुलामगिरी. जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेच्या वर माणसं होती, अ‍ॅडम्सनी एकही ठेवला नाही. १८२१ला अ‍ॅडम्सनी लिहिलं की हा काळा ढग अर्धं शतक मी या देशावर बघतोय, आणि लगेच पुढे, हे तुम्हा दक्षिणेकडच्या लोकांवर सोडतो. मित्र दुखावू नये म्हणून! मला याचा राग येतो. दोघं गेल्यावर ३५ वर्षांत यादवी युद्ध पेटलं आणि सहा लाखांच्या वर माणसं मेली. दोन म्हाताऱ्यांच्या पत्रांनी ते टळलं असतं असं मी म्हणत नाही, पण या देशाने गप्प बसून जे साठवलं त्याची सुरुवात अशाच सभ्यपणातून झाली.

दोघंही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६, जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी. जेफरसन दुपारी, अ‍ॅडम्स संध्याकाळी.

आपल्याकडे टिळक आणि आगरकर. एकाच वर्षी जन्मलेले, १८८२ला डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेले, आणि मग आधी स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा यावर असे तुटले की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून ‘सुधारक’ काढला. आगरकर १८९५ला गेले, चाळिशीही गाठली नाही. त्यांना १४ वर्षांचा पत्रव्यवहार करायला वेळच मिळाला नाही. काका आता ७४ वर्षांचे आहेत.

डिसेंबरमध्ये येतोय मी. आतेभावाला फोन केला, तो म्हणाला काका बोलणार असतील तर बघू. काकांना फोन केला, ते म्हणाले त्याला काय म्हणायचंय ते समोर येऊन म्हणू दे. आत्या म्हणते विषयच काढू नकोस. मी काढणार आहे.